आम्लपित्ताचा दाह आणि औषधपाण्याचा खर्च

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी उठणारी जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी आणि रात्री आडवे होताच वाढणारी तगमग या तक्रारींना सरसकट ‘ॲसिडिटी’ म्हटले जाते. परंतु त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा आम्ल जास्त होणे नसून ते आपली जागा सोडून वर येणे असते. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास उतरताना ते सैलावते आणि एरवी आवळलेले राहते. हे कडे अवेळी सैल पडले, किंवा पोटातील वाढलेल्या दाबापुढे टिकेनासे झाले, की जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते, आणि जठराला आतून असणारे चिकट संरक्षक अस्तर अन्ननलिकेला नसल्यामुळे ती पोळते. वैद्यकात यास ‘ॲसिड रिफ्लक्स’ म्हणतात. आयुर्वेदाला अम्लपित्त जुनेच परिचित असून ‘माधवनिदान’ या ग्रंथात त्याचे वर जाणारे ऊर्ध्वग आणि खाली जाणारे अधोग असे दोन प्रकार सांगितले आहेत.

या विकारात आरोग्यविमा फारसा उपयोगी पडत नाही. बहुतेक पॉलिसी रुग्ण दाखल झाला तरच खर्च देतात, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भरही दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. जळजळ मात्र बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवून घरी परतण्याच्या वर्गात मोडते. त्यामुळे विमा असलेला आणि नसलेला असे दोघेही येथे स्वतःच्याच खिशातून पैसे मोजतात. खर्च आटोक्यात राहतो तो उपचारांचा क्रम नीट पाळल्याने, आणि त्या क्रमातील पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे.

ती पायरी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मदत घेणे. पलंगाच्या उशाकडील दोन्ही खुरांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून तो भाग सुमारे अर्धा फूट उचलला, तर रात्रभर आम्लाला चढ चढावा लागतो. मात्र उशांची चळत रचून हे साधत नाही, कारण त्यामुळे शरीर कमरेत वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो; उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सलग असावा लागतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो आणि वर चढलेले आम्लही लवकर मागे फिरते. मराठीत दुपारच्या विश्रांतीला वामकुक्षी म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच डावी कूस असा आहे. असे असले तरी जेवणानंतर लगेच आडवे होणे योग्य नव्हे. रात्रीचे जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचे अंतर असावे, आणि मधल्या वेळात शतपावली घालावी. तडस लागेपर्यंत जेवणे, पोटाचा वाढलेला घेर, कमरेला करकचून बांधलेली नाडी किंवा पट्टा या सर्वांचा परिणाम एकच, तो म्हणजे पोटातील दाब वाढणे. वजन जास्त असेल तर ते थोडेसे उतरल्यानेही अनेकांची जळजळ निवळते. तंबाखू सोडण्याची गरज तर आहेच, आणि त्यात दातांना लावायची मिश्रीही धरावी लागते.

घरगुती उपायांकडे मात्र पारखून पाहावे लागते. थंड दुधाने तात्पुरते बरे वाटते, परंतु त्यातील प्रथिने व कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. पुदिना पोटातील वायूला उतार देतो खरा, पण तोच अन्ननलिकेच्या टोकाचे कडेही सैल करू शकतो. खाण्याचा सोडा आम्ल मारतो, तथापि त्यातील सोडियममुळे रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी तो नित्य घेणे धोक्याचे ठरते. ज्येष्ठमधाचेही तसेच आहे. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. एखादा उपाय नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. तिखट, तळण, उपाशीपोटी घेतलेला चहा यांपैकी नेमके काय बाधते हे माणसागणिक बदलते, म्हणून पंधरा दिवसांची साधी नोंद ठेवणे हे पथ्याच्या लांबलचक यादीपेक्षा अधिक उपयोगाचे असते.

एवढ्याने भागले नाही तर दुसरी पायरी औषधाची. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या जठरातील आम्ल सोडणाऱ्या सूक्ष्म पंपांना बंद करतात, आणि हे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागत असल्याने गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते; जेवणानंतर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. डॉक्टर साधारणतः चार ते आठ आठवड्यांसाठी त्या देतात. वर्षानुवर्षे परस्पर दुकानातून आणून त्या खात राहणे हा पैशाचा आणि प्रकृतीचाही तोटा आहे, कारण दीर्घ सेवनाने ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीने दिलेले ब्रँडचे नाव असते, आणि त्याबरोबर मूळ औषधाचे नावही छापलेले असते. ग्राहकाने वाचावे ते हे मूळ नाव. त्याच नावाचे, तितक्याच मिलिग्रॅमचे औषध जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळते. २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना ब्रँडचे नाव बाजूला ठेवून मूळ नावानेच, म्हणजे जेनेरिक स्वरूपात, औषधे विकते.

डॉक्टरांकडे जाण्यासाठीही मोठ्या फीची अट नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. मुंबईतील केईएमसारखी महापालिकेची रुग्णालये आणि पुण्यातील ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या विभागाबाहेरची असली, तरी तेथील शुल्क खाजगी दवाखान्यांच्या मानाने फार थोडे असते. याखेरीज ज्या मोठ्या खाजगी रुग्णालयांची नोंदणी धर्मादाय न्यास म्हणून झालेली आहे, त्यांना उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा निधी वेगळा ठेवावा लागतो. हा हक्क अनेकांना ठाऊकच नसतो. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका दाखवणे ही त्याची वाट आहे.

या मार्गाने वाचलेला पैसा जेथे लागलाच पाहिजे अशाही काही खुणा आहेत. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, किंवा रक्तातील लोह घटून येणारा फिकटपणा यांपैकी काही दिसले तर गोळ्यांवर वेळ न दवडता दुर्बिणीतून अन्ननलिका व जठर पाहण्याची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घ्यावी लागते. आणि छातीतील जळजळीबरोबर दरदरून घाम फुटला, धाप लागली किंवा कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर सोड्याचे पाणी देऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका बोलावून हृदयाचा ईसीजी तातडीने काढून घ्यावा.