मनगटावरचं नायलॉन

घड्याळासाठी नायलॉनचा पट्टा घेताना बहुतेक जण रंग पाहतात. पाहावीत ती भोकं. नायलॉन तापवलं की वितळतं, म्हणून चांगल्या पट्ट्याची भोकं आणि टोक उष्णतेने बंद केलेलं असतं. भोकाच्या कडेवरून नख फिरवा. धागा सुटत असेल, तर पट्टा कितीही स्वस्त असो, परत ठेवा. वीणही दाट हवी.

या पट्ट्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ब्रिटिश सैन्याचा. तिथल्या संरक्षण मंत्रालयाने १९७३ मध्ये त्याचं मानक ठरवलं: करडा रंग, २० मिलिमीटर रुंदी. बाजारात तो ‘नाटो’ पट्टा म्हणून विकतात. खरी करामत रचनेत आहे. अखंड पट्टी घड्याळाच्या पाठीमागून, दोन्ही दांड्यांमधून ओवली जाते. एक दांडी निखळली तरी घड्याळ दुसरीला लटकून राहतं.

नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी धाग्यात मुरू शकतं. पॉलिएस्टरमध्ये एक टक्काही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या पट्ट्याला वास का येतो, ते यावरून कळेल. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. ब्लीच मात्र नको, क्लोरीनने नायलॉन कमजोर होतं.

बक्कल स्टेनलेस स्टीलचंच घ्या. (चुंबक लावून काही कळत नाही, मुलामा दिलेलं पितळही त्याला चिकटत नाही.) आणि दुकानात जाण्याआधी पट्टा अडकतो ती खाच मोजा: १८, २० आणि २२ मिलिमीटर ही नेहमीची मापं.