किलोमीटरचा हिशेब आणि खांदा

अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठात डेव्हिड कॉस्टिल यांनी कॉलेजच्या जलतरणपटूंवर केलेला एक प्रयोग प्रत्येक टँकच्या सूचनाफलकावर लावावा असा आहे. सुरुवातीला सगळ्यांचा सराव सारखाच होता. मग सहा आठवडे एका गटाने दिवसातून एकदाच दीड तास पोहायचं आणि दुसऱ्याने सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. दुप्पट पोहणाऱ्यांच्या पदरात जास्तीचं काहीच पडलं नव्हतं. उलट त्या सहा आठवड्यांत त्यांचा स्प्रिंटचा वेग घसरला होता.

त्याला तीस वर्षं उलटून गेली, तरी सराव चांगला झाला की नाही हे आपण अजून किलोमीटरमध्येच मोजतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही ‘आज किती मारले?’ हाच प्रश्न पहिला विचारला जातो. या मोजणीची किंमत बहुतेक वेळा खांदा मोजतो, म्हणून हा विषय तपशिलात मांडायला हवा असं मला वाटतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. चीनच्या पान चानलेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तेव्हाही त्याचा सरासरी वेग ताशी आठ किलोमीटर भरत नव्हता. काठावरून सावकाश पळणारा माणूसही त्याच्या पुढे गेला असता. वेग वाढला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती साधारण घनाने. म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा, तर जवळपास एक तृतीयांश जादा शक्ती हवी. एवढी शक्ती कमावण्यापेक्षा विरोध कमी करणं कितीतरी स्वस्त पडतं. डोकं जरा वर उचललं की कंबर खाली जाते आणि पाण्याला अडवायला जास्त अंग मिळतं. भिंतीला पाय लावून सुटताना दोन्ही दंड कानांना चिकटलेले नसले, तर टर्नमध्ये मिळालेला वेग तिथेच विरतो.

विरोधाला किती महत्त्व आहे याचा पुरावा २००९ साली रोममध्ये मिळाला. पाण्याचा विरोध कमी करणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या त्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले. पोहणाऱ्यांची फुप्फुसं काही एका वर्षात मोठी झाली नव्हती. २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. पण तिथे पॉल बीडरमनने ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये केलेला विक्रम मोडायला २०२५ उजाडावं लागलं.

म्हणून किलोमीटर वायाच जातात, असं मात्र नाही. १५०० मीटर पोहणाऱ्याला दमसास लागतोच. पुण्याच्या रोहन मोरे यांच्यासारख्या जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पार करणाऱ्या माणसाला तासन्‌तास पोहण्याला पर्याय नसतो. प्रश्न येतो तो मिनिटभराच्या शर्यतीसाठी रोज दोन तास संथ लॅप मारणाऱ्या मुलांचा.

आता खांद्याचा हिशेब करू. ५० मीटरला साधारण ४० हात धरा. सहा किलोमीटर म्हणजे १२० लॅप, ४,८०० हात. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला २,४००. आठवड्याला सहा दिवस धरले तर १४ हजारांच्या वर. आणि हा सांधा कसा आहे? उथळ बशीत मोठा चेंडू ठेवावा तसा. हात सगळीकडे फिरावा म्हणून निसर्गाने हाडांची पकड सैल ठेवली आणि चेंडू जागेवर धरण्याचं काम चार छोट्या स्नायूंवर सोपवलं. त्यातल्या सर्वांत वरच्या स्नायूचा कंडरा हाडाच्या छपराखालच्या अरुंद फटीतून जातो. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायमध्ये पाणी मागे ओढण्याचं काम छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू करतात. सरावाने ते दणकट होत जातात, पण खांदा बाहेरच्या बाजूला फिरवणारे आणि खवाटा स्थिर धरणारे छोटे स्नायू मागे पडतात. शेवटच्या सेटपर्यंत ते थकतात, खवाटा ढिला पडतो आणि हात पुढे टाकताना तो कंडरा घासायला लागतो. हात अंगठ्याच्या बाजूने पाण्यात शिरत असेल किंवा डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडत असेल, तर हे आणखी लवकर होतं. सतत एकाच बाजूने श्वास घेणाऱ्यांचं अंग दोन्हीकडे सारखं वळत नाही, तोही ताण खांद्यावरच येतो. थकल्यावर हातांना पॅडल चढवणं म्हणजे दुखण्याला आमंत्रणच.

खांद्यातली प्रत्येक कळ खांद्यातूनच येते असंही नाही, कधी मूळ मानेत असतं. केरळच्या साजन प्रकाशला २०२० मध्ये मानेच्या दुखापतीने गाठलं होतं. त्यातून सावरून जून २०२१ मध्ये रोमला त्याने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून टोकियो ऑलिंपिकची ‘ए’ पात्रता वेळ गाठली. असं करणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांच्या गुडघ्याची आतली बाजू दुखते, बटरफ्लायवाल्यांची कंबर. कारण तेच: एकच हालचाल, हजारो वेळा, थकलेल्या अंगाने.

मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी केला की आईबाबांचा जीव वरखाली होतो. इन्यिगो मुहिका आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांतल्या, म्हणजे सराव कमी करण्याच्या काळातल्या, कामगिरीचा अभ्यास केला, तेव्हा ९९ जलतरणपटूंच्या वेळा सरासरी दोन टक्क्यांहून थोड्या जास्त सुधारलेल्या दिसल्या. मिनिटाच्या शर्यतीत हा सेकंदाहून मोठा फरक आहे, आणि पदकं तर सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकतात.

मुलगी ‘खांदा दुखतोय’ म्हणाली, तर ‘थोडं पोहलीस की मोकळा होईल’ असं सांगू नका. पोहून झाल्यावर स्नायू भरून येणं वेगळं. हात वर नेताना खांद्याच्या टोकाला बारीक कळ येणं किंवा रात्री त्या कुशीवर झोपता न येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कोचना त्याच दिवशी सांगायचं, पॅडल बाजूला ठेवायची आणि फिजिओला दाखवायचं. तोवर पायांचा सराव चालू ठेवता येतो, पण किकबोर्ड धरून नको. त्यात हात डोक्यापुढे ताणलेला राहतो आणि तोच खांदा दबतो. उताणं होऊन, हात अंगालगत ठेवून किक मारू द्या.