मेंदूची राखण बालपणापासून

स्मृतिभ्रंश हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. अमेरिकेतील ‘यूएस पॉइंटर’ अभ्यासात ६० ते ७९ वयाच्या, धोका अधिक असलेल्या २,१११ जणांनी दोन वर्षे व्यायाम, सकस आहार, बुद्धीला चालना, लोकांत मिसळणे आणि रक्तदाबावर लक्ष यांवर भर दिला. २०२५मध्ये निष्कर्ष आले: सहभागींचे दोन गट होते; दोन्ही गटांची आकलनशक्ती सुधारली, नियमित बैठका व मार्गदर्शन मिळालेल्या गटाची अधिक. स्मृतिभ्रंश टळतो, हे मात्र यातून सिद्ध झालेले नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचे, बदलता येतील असे १४ जोखीमघटक सांगितले. त्यांत अपुरे शिक्षण, मध्यमवयातील उच्च रक्तदाब, बहिरेपण, उतारवयातील एकटेपणा आहेत. म्हणून मुलींची शाळा सुटू देऊ नका, चाळिशीत रक्तदाब तपासा, आजोबांना ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणा आणि आजीशी रोज गप्पा मारा.