पुस्तकाला उत्तर देणारा वाचक हवा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरून परतलेल्या आपल्या माणसाची पिशवी उघडून पाहा. त्यात बाबासाहेबांचा फोटो असतो, नव्या वर्षाची दिनदर्शिका असते आणि दोन-चार पुस्तके हमखास असतात. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेणारा समाज अशी आपली ओळख आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड अशी लोकलच्या मार्गावरची आपली कुठलीही वस्ती घ्या. दोन खोल्यांच्या घरातही एक फळी पुस्तकांची असतेच.

पण त्या पुस्तकांचे पुढे काय होते? वाचणाऱ्याला विचारावे, “कसे वाटले?” तर उत्तर येते, “चांगले आहे.” संपला विषय! काय चांगले, काय पटले नाही, कुठे राग आला, कुठे डोळे भरून आले, हे कुणी सांगत नाही. पुस्तकावर मत देणे हे प्राध्यापकांचे काम, आपण कष्टकरी माणसे, आपल्याला त्यातले काय कळते, असा एक संकोच मनात घर करून बसलेला आहे. या संकोचाबद्दलच आज आम्हाला आमच्या वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. मावळात हे दिवस मुसळधार पावसाचे. बाहेर छपरावर पाऊस कोसळत असतो आणि आत एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ग्रंथवाचन आटोपल्यावर अर्धा तास इतर पुस्तकांवर बोलायचे, असे आम्ही काही जणांनी ठरवले. बोलायला कोण होते? रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन काका, चिक्कीच्या कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या ताई, हॉटेलात काम करणारे दादा, देहूरोडच्या डेपोतले कामगार, कॉलेजात जाणारी मुले-मुली आणि अक्षरओळख नसलेल्या दोन-तीन आजीबाई. जी मते कानावर आली, त्यांतली काही येथे मांडत आहोत.

भिवाने वडिलांना विचारलेला प्रश्न

पुस्तकाशी वाद घालायचा का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी बाबासाहेबांचे बालपण आठवावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी त्यांनी लिहिलेली एक प्रस्तावना मूळ आवृत्तीत छापली गेली नव्हती, ती पुढे प्रसिद्ध झाली. त्यात त्यांनी आपल्या घरातल्या वाचनाची हकीकत सांगितली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भिवाने एकदा विचारले की, ज्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आहे आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न रुचला नाही. पुढे पुन्हा विषय निघाला तेव्हा त्यांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात कमीपणाची भावना येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून किती वर चढले हे कळले की ती भावना जाईल. भिवाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कुणीच आपल्याला आवडत नाही, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले.

त्याच काळात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला एका सत्काराच्या सभेत भेट दिले. एका पुस्तकाने मनात प्रश्न उभे केले, दुसऱ्याने त्यांना वाट दाखवली. विशेष असे की, प्रश्न विचारणारा मुलगा आणि न रागावता पुढे कारण सांगणारा बाप, हे दोघेही चांगले वाचक होते. आमच्या गँगमन काकांनी ही हकीकत ऐकून एवढेच म्हटले, “म्हणजे आपल्यात वाचायची रीत पहिल्यापासूनच भांडायची हाय!”

पण म्हणून जुने ते सगळे टाकून द्यायचे का? तसेही बाबासाहेबांनी केले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचे वचन होते. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा तिथे ज्ञानेश्वरांची ओवी होती. आपल्या लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पुढे ज्या देहूवरून वाहते, त्या देहूचा हा कवी बाबासाहेबांनी स्वतःच्या लढ्यासाठी निवडून घेतला. पारखून घेणे आणि पारखून नाकारणे, दोन्ही वाचकाच्याच हातात आहे.

आपल्याच डोंगरातली पुस्तके

मावळ हा मराठी साहित्यातला नावाजलेला मुलूख. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाडे येथे राहत. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये त्यांनी पवनेचे खोरे आणि तुंग किल्ला आणला, ‘माचीवरला बुधा’मध्ये राजमाची. शाळा लवकर सुटलेला, स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने लहानपणीच घर सोडलेला, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेला हा लेखक. १९७६ साली ‘स्मरणगाथा’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीय वर्षानुवर्षे करीत आले. पुस्तक मोठ्याने वाचण्याची रीत फक्त आपल्याच विहारात आहे असे नाही.

‘माचीवरला बुधा’वर आमच्याकडे दोन संध्याकाळी चर्चा चालली. मुंबई सोडून म्हातारपणी माचीवर परतणारा आणि झाडे, पाखरे, जनावरे हेच गणगोत मानणारा बुधा पुष्कळांना आवडला. कॉलेजातल्या एका मुलीने सांगितले की, राजमाचीचा रस्ता ती लहानपणापासून पाहते, पण त्या डोंगराकडे नीट बघायला तिला या पुस्तकाने शिकवले. मग देहूरोडचे एक दादा बोलले. ते म्हणाले, “बुधाला परत जायला माची होती. आपल्या आजोबांनी गाव सोडले ते परत न जाण्यासाठी. गावकीची कामे, शिळे तुकडे, वेशीबाहेरचे घर! त्यांना गावाची आठवण यायची ती अशी. रान मलाही आवडते, पण गावाकडे परत जाण्याचे सुख मला या पुस्तकातून मिळाले नाही.”

सभा थोडा वेळ गप्प झाली. आमच्या मते दोघांचेही बरोबर होते. बाबासाहेबांनी खेडे सोडायला का सांगितले, हे ज्यांच्या घरात माहीत आहे, त्यांना गावाचे गोड चित्र वाचताना काहीतरी खटकणारच. ते खटकणे लपवण्याचे कारण नाही. आणि पुस्तकातले रान मनापासून आवडले असेल तर तेही लपवण्याचे कारण नाही. मुलीचा शेवटचा प्रश्न मात्र सर्वांना लागला, “मग आपल्या वस्तीचा मावळ कुणी लिहायचा?”

चव्हाट्यावर की उजेडात?

सर्वांत जास्त वाद ‘बलुतं’वर झाला. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. ग्रंथाली ही वाचकांची चळवळ म्हणून सुरू झालेली संस्था, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुस्तक आले तेव्हा बाहेरच्या वाचकांनी डोक्यावर घेतले, पण आपल्यातलेच कितीतरी शिकलेले लोक नाराज झाले. आपली गरिबी, आपल्या घरातले दुबळेपण, आयाबायांचे हाल जगापुढे का मांडायचे, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल आजही निघतो. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “नातवंडांनी आम्हाला सूटबुटात पाहिले आहे. त्यांना हे कशाला दाखवायचे?” त्यांच्या शब्दात राग कमी आणि जखम जास्त होती. त्यांना उत्तर दिले ते वाचता न येणाऱ्या आजीने. तिने नातीकडून ‘बलुतं’ची बरीच पाने ऐकली होती. ती म्हणाली, “गुरुजी, मेलेलं ढोर आम्ही वढलं, त्याची लाज आम्ही का धरायची? ज्यांनी वढाय लावलं त्यांनी धरावी.” या एका वाक्यात जे आले ते मोठमोठ्या समीक्षेतही क्वचित सापडते. गुरुजींनी मत बदलले नाही, पण पुस्तक घरी नेले.

आयाबायांचे मत

घरातल्या बाईने वाचायला बसणे ही आजही सोपी गोष्ट नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण ताईंना फार भावले. त्या छोटे किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदांवर त्या वाचत, आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. ते लिखाण वर्षानुवर्षे लपूनच राहिले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही आले. पुढे दूरदर्शनवर त्यावरून ‘नाजुका’ ही मालिका झाली. २००३ साली ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले.

चिक्कीच्या कारखान्यातल्या एका ताईंचे मत असे पडले की, पुरुषांच्या आत्मकथेत आई रडते, बायको सोसते. बायकांच्या आत्मकथेत ती बोलते आणि नवऱ्याने हात उगारला तर तेही सांगते. यावर दोन पुरुषांनी चुळबूळ केली. बेबीताईंनी गावकीतला जाच लिहिला तसा घरातला जाचही लिहिला. आपण बाहेरच्या समाजाला प्रश्न विचारतो, मग घरातल्या प्रश्नाला का कचरतो? पुस्तकावर बोलता बोलता बोलणे घरावर आले, आणि आमच्या मते चर्चेचा खरा उपयोग तिथेच झाला.

रहस्यकथा वाचणे कमीपणाचे आहे का?

काही वडीलधाऱ्यांना वाटते की चळवळीच्या माणसाने वैचारिक ग्रंथच वाचावेत. आम्हाला हे मान्य नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना वाचायची चटक लावली. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने कॉलेजच्या मुलांना धरून ठेवले. गँगमन काका मोकळेपणाने सांगतात की, त्यांना वाचनाची गोडी लागली ती काळापहाडाने. त्या गोडीवरच पुढे ते धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रापर्यंत पोचले.

लोकप्रिय आणि थोर यांच्यामध्ये भिंत असतेच असे नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ घ्या. १९५९ सालची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती विद्यापीठातही वाचली जाते आणि चाळीच्या जिन्यावरही. वामनदादा कर्डकांची गाणी तर ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते त्यांनी पाठ केली. तेही साहित्यच, आणि त्यावरही मत हवे. आजच्या कर्कश आवाजात वाजणाऱ्या काही गाण्यांत विचार किती आणि ठेका किती, हे आपल्या मुलांनीच बैठकीत विचारले. आम्हाला फार बरे वाटले.

आपल्या विहारात हे करता येईल

गंगाधर पानतावणे सरांच्या ‘अस्मितादर्श’ने मेळावे भरवले तेव्हा त्यांना लेखक-वाचक मेळावा असे नाव दिले. वाचकाला लेखकाच्या शेजारी बसवले. तेच आपण वस्तीपातळीवर करू शकतो. खर्च काहीच नाही.

महिन्यातली एक पौर्णिमा ठरवावी आणि एकच पुस्तक घ्यावे. सर्वांकडे प्रत नसते, म्हणून दहा-बारा पाने मोठ्याने वाचावीत; वाचायला आलटून पालटून मुलामुलींना उभे करावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी बोलू द्यावे, कारण शिकलेला आधी बोलला की ते गप्प बसतात. “आवडले” एवढ्यावर कुणाला सोडू नये, “का?” असे प्रेमाने विचारावे. मत पटले नाही तरी माणसाला हसू नये. आणि प्रत्येकाचे मत त्याच्या नावासह एका वहीत लिहून ठेवावे.

वहीचा आग्रह आम्ही का धरतो? मळवलीहून वर कार्ल्याच्या लेण्यात एकदा मुलांना घेऊन जा. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसा धेनुकाकटचा सुगंधी वस्तूंचा व्यापारी सिंहदत्तही आहे आणि दरवाजाचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. सुमारे दोन हजार वर्षे झाली, तरी त्या सुताराचे नाव आपल्याला वाचता येते, कारण ते कुणीतरी लिहून ठेवले. आपल्या आजी, ताई, काका यांची मते मात्र हवेत विरून जातात.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या पौर्णिमेला फळीवरचे एक पुस्तक काढा. घरात मोठ्याने वाचा, आजीला विचारा, मुलाला विचारा, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला कळवा. चार ओळी पुरेत. शुद्धलेखनाची चिंता करू नका, ती आम्ही पाहू. मत मात्र तुमचे स्वतःचे असू द्या.

जयभीम!