पितळेची पारख

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या रायफल-स्पर्धांत उतरणारा जाणता नेमबाज कारखान्यात भरलेली काडतुसे घेताना गोळीइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, चौकशी पुंगळीची करतो. कारण गोळी एकदाच सुटते, परंतु सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांच्या पितळेची ती पुंगळी, निगा राखल्यास, पुनःपुन्हा भरता येते. पहिली अट अशी, की ती बॉक्सर पद्धतीची, म्हणजे बुडाशी मधोमध एकच छिद्र असलेली असावी. बर्डन पद्धतीच्या दोन बारीक छिद्रांमुळे जळका प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) उपसणे ही निव्वळ शिक्षाच होय. (गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, तरी अमेरिकेत चलती बॉक्सरचीच!) फिनलंडच्या लापुआ कंपनीचा माल महाग खरा, तथापि त्याच्या ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या पुंगळीत प्रायमरचा खळगा लहान असल्याने सभोवती धातू अधिक उरतो आणि खळगा लवकर सैलावत नाही. पुंगळीच्या मानेवरची निळसर-तांबूस झाक पाहून कित्येक जण माल नापसंत करतात. वस्तुतः ती मान तापवून मऊ केल्याची खूण असते. खरेदी एकाच लॉटची करावी, आणि आपल्या रायफलीतून निघालेल्या पुंगळ्या इतरांच्या पुंगळ्यांत मिसळू देऊ नयेत, कारण त्या तिच्याच चेंबरच्या मापाने फुललेल्या असतात.