‘खाली’ हरवलेले यीस्ट

पाव फुगवणारे यीस्ट तुमच्या परिचयाचे आहेच. त्याच्या पेशीला अंकुर फुटतो. तो वाढून सुटा झाला की नवी पेशी तयार! वजनरहित अवस्थेत हे कसे चालेल?

पोषक द्रवाने काठोकाठ भरलेले पात्र आडव्या आसाभोवती सावकाश फिरवतात. पेशी खाली जाऊ लागते, तोच पात्राची खालची बाजू वर येते. पेशी तरंगत राहते. ढवळण्याचे धक्केही बसत नाहीत. गुरुत्वाकर्षण मात्र नाहीसे होत नाही, म्हणून ही केवळ नक्कल.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात यीस्ट असे ५ व २५ पिढ्या वाढवले. अंकुराची जागा ठरवणाऱ्या आणि पेशी सुट्या करणाऱ्या काही जनुकांचे कार्य बदलले. अंकुर कोठेही फुटू लागले, पेशींचे पुंजके झाले. यीस्टची पुष्कळ जनुके माणसाच्या जनुकांशी मिळतीजुळती आहेत. अंतराळवीरांच्या पेशींविषयी कोणते प्रश्न विचारावेत, हे म्हणूनच यीस्ट सुचवते.