संदर्भ कसा लिहावा?

शास्त्रीय लेखातील संदर्भ म्हणजे आधाराचा पूर्ण पत्ता होय. त्यात लेखक, प्रकाशनवर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड व पृष्ठे असा क्रम बहुधा पाळतात. उदाहरणार्थ : मेंडेल, ग्रेगोर (१८६६). वनस्पतिसंकरांवरील प्रयोग. ब्रनो निसर्गविज्ञान मंडळाचे कार्यवृत्त, ४ : ३–४७.

वाटाण्यावरील हे संशोधन दीर्घकाळ उपेक्षित राहिले. फोके यांच्या १८८१ सालच्या ग्रंथातील उल्लेखावरून चेरमाक या शास्त्रज्ञास मूळ लेख गवसला व १९०० साली आनुवंशिकतेचे नियम पुन्हा प्रकाशात आले.

ग्रामीण कार्यकर्त्यांनीही खताची मात्रा सांगताना ती ज्या पत्रिकेतून घेतली तिचे नाव, वर्ष व पृष्ठ टिपून ठेवावे. आधार हाताशी नसल्यास बागायतीची मात्रा जिरायतीस दिली जाऊन शेतकऱ्याचा खर्च वाया जाण्याचा संभव असतो.